सहावी शिवण

गळतीच्या नोंदवहीत एकतीस वर्षांच्या नोंदी एकाच हस्ताक्षरात आहेत. प्रत्येक पानावर पाच रकाने: तारीख, यंत्र, दाब, गळती कुठे, उपाय. चौथा रकाना कधी रिकामा राहिलेला नाही. ‘खिडकीच्या कडेला, खालून डावीकडे.’ ‘पंपाच्या मानेत.’ ‘रबरी कड्याखाली केस.’ अक्षर बारीक, सरळ, खाडाखोड नाही. फक्त शेवटून तिसऱ्या पानावर एका ठिकाणी लिहिलं आहे: ‘सापडली नाही. सहाव्या शिवणीवर संशय.’

ती ओळ लिहिणाऱ्या तंत्रज्ञाला त्या राष्ट्रीय भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सगळे गळतीकाका म्हणत. नोकरीला लागले तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते आणि कुणाचेच काका नव्हते. त्याआधी फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात काम करत. मुलाखतीत त्यांच्यासमोर तांब्याची एक नळी ठेवली आणि विचारलं, यात गळती कुठे आहे ते कसं शोधाल? त्यांनी विचारलं, “साबण आहे का?” मुलाखत तिथेच संपली आणि नोकरी लागली.

त्यांचं काम समजायला भौतिकशास्त्र शिकावं लागत नाही. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतो. इथे सगळं उलटं. प्रयोगासाठी पोलादी चेंबरमधली हवा पंप लावून काढून टाकतात, जवळजवळ शेवटच्या कणापर्यंत. बाहेरची हवा सुईच्या टोकाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या फटीतूनही आत शिरली तरी प्रयोग फसतो. म्हणून चेंबरच्या आतल्या बाजूला एक यंत्र जोडायचं आणि बाहेरून बारीक नळीने एकेका जोडावर हेलियम वायू फुंकायचा. फट असेल तर हेलियम आत जातो आणि यंत्र शिट्टी घालतं. सगळं इतकंच. पण एका चेंबरला शंभर जोड असतात, आणि हेलियम वर चढतो, हवेबरोबर वाहतो, भलत्याच ठिकाणी आत शिरतो. कुठे किती फुंकायचं आणि शिट्टी वाजायच्या आधी किती क्षण थांबायचं, हे काकांना कळत असे. दुसरे जिथे दोन दिवस घालवत, तिथे काका जेवणाच्या सुट्टीआधी हात धुऊन मोकळे होत.

त्यांचे नियम होते. केसांना तेल नाही. अंगठी नाही. हातमोज्यांशिवाय चेंबरच्या आतल्या भागाला हात नाही. कुणी उघड्या बोटाने स्पर्श केला, तर काका त्याला आरडाओरडा न करता म्हणत, “आता तुमच्या बोटाचा घाम आपण तीन दिवस उपसू.” आणि खरंच तीन दिवस लागत.

सगळ्यात मोठा नियम स्क्रूंचा. चेंबरच्या आत पट्ट्या आणि ताटल्या ज्या स्क्रूंनी बसवतात, ते आंधळ्या भोकात जातात. आंधळं म्हणजे आरपार नसलेलं, तळ असलेलं. स्क्रू घट्ट बसला की त्याच्या टोकाखाली चिमूटभर हवा अडकते. ती आट्यांमधून झिरपत राहते, महिनेन् महिने. बाहेर गळती नसते, तरी चेंबर रिकामं होत नाही. त्यावर उपाय एकच: स्क्रूच्या पोटातून डोक्यापासून टोकापर्यंत बारीक भोक पाडायचं, म्हणजे तळाची हवा पंप लावल्याबरोबर निघून जाते. असे स्क्रू विकत मिळत, पण काकांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. ते स्वतः लेथवर बसून एक मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडत. आधी एका बाजूने अर्ध्यापर्यंत, मग स्क्रू उलटा करून दुसऱ्या बाजूने. दोन्ही भोकं मधोमध भेटली पाहिजेत. मग प्रत्येक स्क्रू खिडकीकडे धरायचा आणि एक डोळा मिटायचा. पोटात उजेडाचा टिपका दिसला तर स्क्रू पत्र्याच्या निळ्या डब्यात, नाही दिसला तर भंगारात. विद्यार्थ्यांना ते सांगत, “टिपका दिसला नाही तर स्क्रू नाही. सख्ख्या बापाने दिला तरी नाही.”

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. डावाही धूसर होऊ लागला होता. ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नाही. वर्षाच्या वैद्यकीय तपासणीत डोळे नापास झाले की माणसाला प्रयोगाच्या हॉलमधून काढून भांडारात बसवतात, तिथे नटबोल्टांची यादी करायची. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तपासणीच्या खोलीतल्या तक्त्याची शेवटची ओळ काकांनी पाठ केली आणि पास झाले.

*

वेल्डर त्यांचा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, वयाने बारा वर्षांनी लहान. प्रयोगशाळेत त्याला काकांनीच आणलं होतं. तिथल्या शिवणी, म्हणजे पोलादाचे दोन तुकडे वितळवून जोडलेल्या रेषा, साध्या वेल्डरला जमत नाहीत. दिसायला चांगली शिवण आतून सच्छिद्र निघते. साडूच्या निघत नसत. अकरा वर्षांत त्याने घातलेल्या एकाही शिवणीवर काकांच्या यंत्राने शिट्टी घातली नव्हती. तरीही तो करारावर होता, दर वर्षी नवी सही. त्या वर्षी त्याला कायम करण्याची फाइल पहिल्यांदाच वरपर्यंत गेली होती.

काकांचं घर प्रयोगशाळेच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. करारावरच्या माणसाला वसाहतीत जागा नसते, म्हणून धाकटीचा संसार भिंतीपलीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत. रविवारी दुपारी ती दोघं चहाला येत. बहिणींचं शिवणयंत्र एकच होतं, दोघींनी मिळून घेतलेलं, ते थोरलीकडे असे. धाकटी चहानंतर तासभर त्यावर बसे.

नवं मोठं चेंबर तयार झालं, त्या रविवारचं बोलणं पुढे महत्त्वाचं ठरलं.

“सहाव्या शिवणीने जीव काढला,” वेल्डर म्हणाला. “जमिनीवर पालथा पडून घातलीय. वेल्डिंगची टॉर्च आत जाईना आणि मान बाहेर येईना. कोपर मोडायचंच काय ते राहिलं.”

“नीट झालीय ना?” काकांनी विचारलं.

“साडूबुवा, मी इतकं नीट शिवतो म्हणून तर तुम्हाला काम नसतं. एखादी उसवून देऊ का? बढती मिळेल तुम्हाला.”

“त्यांना बढती नको,” थोरली म्हणाली. “खुर्चीत बसावं लागेल.”

“मग मला मिळू दे,” वेल्डर म्हणाला. “मला खुर्चीचं वावडं नाही.”

धाकटी यंत्रावरून मान न वळवता म्हणाली, “आधी कायम व्हा. मग खुर्ची, मग पाट, काय हवं ते.”

सगळे हसले. काकाही.

*

चेंबरची आतली जुळणी काकांनी तीन दिवसांत केली. एका पोलादी ताटलीवर सोळा स्क्रू. निळ्या डब्यात बाराच निघाले, म्हणून उरलेले चार त्यांनी त्याच दुपारी लेथवर पाडले. खिडकीकडे धरले. टिपका दिसला नाही. पण त्या हिवाळ्यात त्यांना कुठल्याच स्क्रूत टिपका दिसत नव्हता. आधीच्या बारांतही दिसला नव्हता. हाताला मात्र तीस वर्षांची सवय होती. त्यांनी हातावर भरवसा ठेवला आणि चारही स्क्रू आवळले.

पंप सुरू झाले. चेंबरभोवती तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळून तीन दिवस ते भाजून काढलं, म्हणजे भिंतींना चिकटलेला ओलावा निघून जातो. दाब उतरला, उतरला आणि हव्या त्या आकड्याच्या शंभरपट वर येऊन थांबला. पुन्हा भाजलं. पुन्हा तिथेच थांबला.

घाई होती. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने पाच महिन्यांसाठी एक मोजयंत्र पाठवलं होतं, ते त्या चेंबरला जोडायचं होतं. मुदत संपली की ते तिसऱ्याच देशात जाणार होतं. विभागप्रमुख बाई रोज सकाळी हॉलमध्ये येऊन दाबाचा आकडा बघत आणि काही न बोलता जात. न बोलणं जास्त लागे.

काकांनी हेलियमची नळी घेऊन सगळे जोड पालथे घातले. शिवणी, खिडक्या, पंपाच्या माना, तारा आत जातात ती बुचं. यंत्र गप्प. चौथ्या आठवड्यात एकदा, सहाव्या शिवणीपाशी, यंत्राचा काटा केसभर हलला. काकांनी मागे बघितलं. कोपऱ्यातल्या हेलियमच्या बाटलीची झडप किंचित उघडी राहिली होती. हॉलभर हेलियम पसरला होता. झडप बंद केली, दारं उघडली, तासाभराने पुन्हा सहाव्या शिवणीवर फुंकलं. तीनदा फुंकलं. काटा हलला नाही.

यंत्र गप्प आहे आणि तरी दाब उतरत नाही, याचा अर्थ काय, हे काका दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगत: गळती बाहेरून नाही. आत कुठेतरी हवा कोंडली आहे. चेंबर उघडा आणि स्क्रू बघा.

पण आतलं सगळं त्यांनी स्वतः बसवलं होतं. उघडल्यावर प्रश्न स्क्रूंचा निघाला असता, आणि स्क्रूंवरून डोळ्यांचा.

बाईंनी लेखी अहवाल मागितला. काकांनी एक पान लिहिलं. त्यात काटा हलल्याची नोंद होती. झडप उघडी होती याची नव्हती. तीनदा फुंकल्याची नव्हती. शेवटी एक वाक्य होतं: ‘सदर शिवण घालताना अडचण आल्याचे वेल्डरने स्वतः सांगितले आहे.’

*

दुसऱ्या दिवशी वेल्डर चहाच्या टपरीमागे त्यांची वाट बघत उभा होता. हातात चहा नव्हता.

“साडूबुवा, ते तुम्ही लिहिलंत?”

“यंत्राने काटा दाखवला. मी काय करू?”

“काट्याचं नाही म्हणत. अडचणीचं.”

“तू बोलला होतास.”

“चहा पिताना बोललो होतो. तुमच्या घरी. तुमच्या कपातला चहा पिताना.”

काका म्हणाले, “संशय म्हणालोय मी. दोष म्हणालो नाही.”

“वर वाचणाऱ्याला तेवढा फरक कळतो होय?” वेल्डर म्हणाला. “एकदा परत फुंका. माझ्या समोर फुंका. शिट्टी वाजली तर मी आजच टॉर्च खाली ठेवतो.”

काकांनी घड्याळात बघितलं आणि बाईंनी बोलावलंय म्हणाले. बाईंनी बोलावलं नव्हतं.

चेंबर उघडायचं ठरलं, पण शिवणीसाठी. सहावी शिवण घासून काढायची आणि बाहेरच्या एका कारखान्यातला माणूस आणून नव्याने घालायची. त्यासाठी आतली ताटली आधी बाहेर काढावी लागणार होती. ती काकांनीच काढली, एकट्याने, सकाळी हॉल भरण्याआधी. सोळा स्क्रू निघाले. काकांनी वीतभर बारीक तार घेतली आणि एकेकात घातली. बारांतून तार आरपार गेली. चारांत अर्ध्यावर अडली. उलटं करून घातली, तरी अर्ध्यावर अडली. दोन्ही भोकं मधोमध भेटलीच नव्हती, एकमेकांच्या शेजारून गेली होती.

चार स्क्रू त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवले.

नवी शिवण झाल्यावर ताटली परत बसवण्याचं काम बाईंनी एका विद्यार्थिनीला दिलं. तिने विचारलं, “काका, जुने स्क्रू कुठायत?”

“टाकले. नवीन मागव.”

विकतचे सोळा आले. ती खिडकीपाशी उभी राहिली, एकेक स्क्रू उजेडाकडे धरून एक डोळा मिटत गेली, शिकवलं होतं तसं. काका तिच्या मागे उभे होते. सोळाव्या स्क्रूनंतर ती म्हणाली, “सगळ्यांत टिपका आहे.” काका म्हणाले, “मग बसव.”

तीन दिवस भाजलं. चौथ्या दिवशी दाब सरळ खाली गेला आणि हव्या त्या आकड्यावर स्थिरावला. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. शिवण बदलली आणि दाब उतरला. याहून सरळ पुरावा कुणाला हवा होता? बाई काकांना म्हणाल्या, “तुमचं नाक म्हणजे नाक आहे, काका.”

स्क्रू सापडल्यापासून, वेल्डरच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीच्या बैठकीपर्यंत बारा दिवस होते. सातव्या दिवशी काका बाईंच्या दारापर्यंत गेले. बाई फोनवर होत्या, मोजयंत्राची तारीख ठरत होती. त्यांनी हातानेच बसा म्हटलं. काका बसले. फोन ठेवून बाई म्हणाल्या, “बोला.”

“त्या सहाव्या शिवणीबद्दल…”

“ते आता समिती बघेल. तुमचा साडू ना तो? मला कळतं, अवघड आहे. पण तुम्ही नातं मध्ये न आणता लिहिलंत, हे वर सगळ्यांनी बघितलंय.”

काका उठले. डबी खिशात होती.

समितीने वेल्डरला एकच प्रश्न विचारला: शिवण घालताना अडचण आली होती का? तो म्हणाला, “आली होती. पण शिवण चांगली आहे.” इतिवृत्तात पहिलं वाक्य आलं. करार पुढे वाढवायचा नाही असं ठरलं, कायम करण्याची फाइल बंद झाली, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्याने फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ओळखपत्र जमा केलं. अकरा वर्षांत ते ओळखपत्र तीनदा बदललं होतं. शेवटच्यावर फोटो नवा होता, कायम झाल्यावर चालेल म्हणून काढलेला.

धाकटी त्या रविवारी एकटी आली. बसली नाही.

“भाऊजी, एवढंच विचारते. परका वेल्डर असता तर एवढ्या लवकर संशय आला असता का?”

थोरली म्हणाली, “अगं, नोकरी आहे ती. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं.”

“कुऱ्हाडीचा दांडा, ताई. पुढचं तुला येतंच.” मग शिवणयंत्राकडे बघून म्हणाली, “ते राहू दे तुझ्याकडेच. माझ्या खोलीत आता जागा नाही. ह्यांनी त्यांची हत्यारं घरात आणून ठेवलीत.”

चहाचं आधण उतू गेलं आणि कुणी उठलं नाही.

*

काका साठाव्या वर्षी निवृत्त झाले. समारंभात त्यांना पितळेचा छोटा पंप भेट दिला आणि तीन जणांनी भाषणं केली. तिघांनीही सहाव्या शिवणीचा उल्लेख केला.

निवृत्तीनंतर भांडाराची भीती उरली नाही, तेव्हा ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बायको पिशवी भरत होती. चष्म्याची जुनी डबी हातात आली आणि खळखळली.

“हे काय?”

“स्क्रू.”

“ते दिसतंय मला. चष्म्याच्या डबीत कशाला?”

काकांनी सांगितलं. पंचवीस मिनिटांत, क्रमाने, अहवाल लिहावा तसं. बायको पिशवी भरता भरता थांबली नाही. शेवटी तिने चेन ओढली.

“मला सांगून काय उपयोग? माझा करार नव्हता गेला.”

दवाखान्यात ती बरोबर होती. पुढचे पंधरा दिवस दर चार तासांनी डोळ्यात थेंब घालत होती, घड्याळ लावून. सोळाव्या दिवशी तिने डबी त्यांच्या पुढ्यात ठेवली. “जा,” म्हणाली. “एकटेच जा. मी तुमच्या बाजूने आलेय असं त्यांना वाटायला नको.”

वेल्डरचं दुकान भिंतीपलीकडच्या रस्त्यावर, एका गॅरेजच्या अर्ध्या जागेत होतं. तो आता खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करत असे. काका गेले तेव्हा तो एका फाटकाच्या बिजागरीशी वाकला होता. मुखवटा वर करून त्याने बघितलं.

“या, काका.”

साडूबुवा नाही. प्रयोगशाळेतले सगळे म्हणत तसं, काका.

काकांनी डबी उघडून चार स्क्रू बाकावर ओतले. काही बोलायची गरज नव्हती. अकरा वर्षं त्या हॉलमध्ये वावरलेल्या माणसाला ते स्क्रू कुठले आहेत हे कळत होतं. वेल्डरने एक उचलून उजेडाकडे धरला. मग खिळ्याला अडकवलेल्या तारेचा तुकडा तोडून आत घातला. अडला. उलटा करून घातला. अडला. चारही तसेच बघितले आणि ओळीत मांडले.

“कधी सापडले?”

“ताटली काढली तेव्हा.”

“समितीच्या आधी.”

“बारा दिवस.”

“बारा दिवस,” वेल्डर म्हणाला. मग विचारलं, “काळा चष्मा कशाला?”

“मोतीबिंदू. तेव्हापासूनच होता.”

“म्हणजे टिपका दिसलाच नव्हता.”

“नाही.”

वेल्डरने चारही स्क्रू बाकावर एकाला एक चिकटवून आडवे ठेवले, डोक्याला डोकं. टॉर्च हातात घेतली. मुखवटा खाली ओढताना म्हणाला, “तिकडे तोंड करा. बघू नका इकडे. नुकतं ऑपरेशन झालंय.”

काकांनी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर निळा उजेड पडला, मिनिटभर हलला नाही, मग सरकत सरकत पुढे गेला आणि विझला. वळून बघितलं तेव्हा चार स्क्रूंची एक पट्टी झाली होती. मधून एक शिवण गेली होती, सरळ, एकसारख्या खवल्यांची. वेल्डरने ती पाण्यात बुडवून थंड केली, फडक्याने पुसली आणि काकांच्या हातात दिली.

“तपासा,” तो म्हणाला. “गळते का सांगा.”

काका शिवणीवरून बोट फिरवत राहिले.

“आता लिहून द्या,” वेल्डर म्हणाला. “वहीत लिहिलंत तशाच अक्षरात.”

*

काकांनी लिहून दिलं. साडेतीन पानं, झडप, तीनदा फुंकणं, तार, डबी, पाठ केलेला तक्ता, सगळं. कचेरीच्या खिडकीवर आवकचा शिक्का मारून घेतला आणि प्रत धाकटीच्या घरी नेऊन दिली. तिने ती दारातच घेतली, दारातच वाचली आणि दार लावून घेतलं.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. सहावी शिवण बदलल्यावर दाब उतरल्याची नोंद आहे. प्रकरणाचा फेरविचार करायचा झाल्यास पत्रात उल्लेखलेले चार स्क्रू पुराव्यादाखल सादर करावेत.

काका ती पट्टी घेऊन गेले. फाटकावर पाहुण्याचा पास काढावा लागला. धातूची वस्तू बरोबर आहे म्हणून आणखी एक कागद भरावा लागला. पहारेकरी ओळखीचा होता, पण कागद दोन्ही भरून घेतले.

विभागप्रमुख बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पट्टी हातात घेतली आणि खिडकीकडे धरली.

“यात भोकं आरपार होती की नाही, हे आता कसं कळणार, काका? पोटातलं सगळं वितळलंय. माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मी समितीपुढे काय ठेवू?”

“मी आहे ना.”

“तुम्ही तेव्हाही होतात,” बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

त्यांनी पट्टी परत द्यायला हात पुढे केला, पण दिली नाही. चष्मा वर सरकवून जवळून बघितली. अंगठा शिवणीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. हॉलमध्ये त्यानंतर घातलेल्या शिवणी कारखान्याच्या माणसाच्या होत्या, आणि त्यातल्या दोन उसवल्या होत्या.

“शिवण मात्र सुरेख आहे,” त्या म्हणाल्या. “कुणाची?”

“सहावी ज्याची होती, त्याचीच,” काका म्हणाले.

बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. मग पाहुण्याच्या पासवर सही केली आणि घड्याळ बघून खाली वेळ लिहिली: बाहेर, तीन वाजून दहा मिनिटे.